क्लेगब्रिजचा नववा मॅनेजर

गॉर्डन पिकर्सगिलने सहा वर्षांत आठ मॅनेजर हाकलले आणि आठही वेळा वर्तमानपत्रातल्या फोटोसाठी एकच चेहरा केला, घरातलं कुणी वारल्यावर करतात तसा. आठव्याला नारळ दिल्याची बातमी छापून आली, त्या सकाळी विनिफ्रेड ओलरेनशॉ आपल्या बेकरीत गल्ल्यापाशी उभी राहून तो फोटो न्याहाळत होती.

"वाचलंस का?" सॉसेज रोल घ्यायला आलेल्या पोस्टमनला ती म्हणाली. "म्हणे, जड अंतःकरणाने निर्णय घेतला. या माणसाचं पोट सोडून काही जड असलेलं मी तरी पाहिलं नाही."

पोस्टमन हसला. विनच्या दुकानात क्लबबद्दल जे ऐकायला मिळे ते वर्तमानपत्रात मिळत नसे. क्लेगब्रिज टाउन फुटबॉल क्लबचे मालक तिघंच, आणि तिघांचा वाटा सारखा. एक पिकर्सगिल, त्याचा खिडक्यांच्या चौकटींचा कारखाना होता आणि तो चेअरमन होता. दुसरा अ‍ॅस्पिनल, गावचा दातांचा डॉक्टर. तो नेहमी शेवटी बोलणाऱ्याच्या मताचा असे. तिसरी विन. तिचा नवरा हॅरॉल्ड वारला, तेव्हा बेकरी आणि क्लबचा वाटा दोन्ही तिच्या गळ्यात पडले. बेकरीतून चार पैसे मिळत. क्लबमधून मनस्ताप मिळे, पण तो तिने कुणालाही विकला नसता. कारण गोलपोस्टमध्ये तेरा वर्षं उभा असलेला, दंडाला कॅप्टनची पट्टी बांधणारा डंकन ओलरेनशॉ हा तिचा मुलगा होता.

नववा मॅनेजर निवडायला तिघं जण स्टँडखालच्या खोलीत बसले. खाली ड्रेसिंग रूम असल्यामुळे त्या खोलीला कायम मलमाचा वास येई. पिकर्सगिलने नवीन टाय घातला होता. त्याच्या समजुतीप्रमाणे मॅनेजर निवडणं ही त्याची खासियत होती. आठ वेळा फसूनही ती समजूत तसूभर हलली नव्हती.

पहिला आला जेसन स्टॅनिफर्थ. एके काळी देशाकडून खेळलेला. गाडी एवढी लांब, की अर्धी क्लबच्या आवारात आणि अर्धी रस्त्यावर राहिली. पिकर्सगिल उभा राहिला तो बसेचना. अ‍ॅस्पिनल त्याच्या पांढऱ्याशुभ्र दातांकडे कारागिरी बघावी तसा बघत राहिला.

"माझं एकच म्हणणं असतं," स्टॅनिफर्थ पाय ताणून म्हणाला. "मी जिंकतो. जिंकणं माझ्या रक्तात आहे."

"कुठे?" विनने विचारलं.

"म्हणजे?"

"मागच्या दोन क्लबांना तुम्ही खालच्या डिव्हिजनमध्ये पोचवलंत. तेव्हा जिंकलात कुठे, असं विचारतेय."

"मॅडम, मानसिकता बदलायला वेळ लागतो."

"तुम्हाला चार महिन्यांत हाकललं. तेवढ्यात त्यांची मानसिकता बदललेली दिसते."

पिकर्सगिलने टेबलाखालून तिला पाय मारला, तो चुकून अ‍ॅस्पिनलला लागला.

दुसरा ज्युलियन फॉसडाइक. वयाने तिशीच्या आतला, चष्मा, बगलेत लॅपटॉप. भिंतीवर त्याने मैदानाचं चित्र पाडलं आणि त्यावर लाल, निळे, हिरवे बाण सोडले. पाऊण तास तो बाणांबद्दल बोलला. पिकर्सगिल मान डोलवत होता. त्याला काही कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या गोष्टी त्याला नेहमीच भारदस्त वाटत.

"एक सांगा," विन म्हणाली. "मध्यंतर झालंय. आपण तीन गोल खाल्लेत. अकरा जण माना खाली घालून बसलेत, दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात आहेत. तुम्ही दार उघडून आत गेलात. पहिलं वाक्य काय बोलाल?"

फॉसडाइकने भिंतीकडे पाहिलं. मग लॅपटॉपकडे पाहिलं. "त्याच्यावर वेगळा विभाग आहे," तो म्हणाला, "पण तो मी आज आणलेला नाही."

तिसरा बॅरी ट्रुब्शॉ. हा दार आपटून आला आणि टेबल आपटून बोलला. अ‍ॅस्पिनलचा चहा बशीत सांडला. आपण भल्याभल्यांना ड्रेसिंग रूममध्ये रडवलंय, हे त्याने तीनदा सांगितलं. विनने त्याला विचारलं, की रडणारी माणसं गोल मारतात कशी, कारण तिच्या दुकानातली मुलगी रडली तर तिला साधा पाव कापता येत नाही. ट्रुब्शॉचा चेहरा बिटासारखा झाला. जाताना दार त्याने पुन्हा आपटलं.

चौथ्याचं नाव इफान प्रॉथरो. वेल्सचा माणूस, पन्नाशीचा, अंगात भिजलेला रेनकोट. तो स्टेशनवरून चालत आला होता. खालच्या कुठल्याशा लीगमध्ये एका खाणकामगारांच्या गावाचा संघ त्याने सात वर्षं सांभाळला होता. वेल्सच्या लोकांबद्दल विनचं मत फारसं बरं नव्हतं. त्यांचा आवाज गोड असतो आणि कामं अर्धवट असतात, असं ती सगळ्यांना सांगे. याचा आवाजही गोड नव्हता.

"तुमचं फुटबॉलचं तत्त्वज्ञान काय?" पिकर्सगिलने टाय सारखा करत विचारलं.

"इथे संघ कोण निवडतं?"

"मॅनेजरच. म्हणजे, मी आपला अधूनमधून सुचवतो."

"कधी?"

"शुक्रवारी संध्याकाळी. फोन करतो. मित्रत्वाच्या नात्याने हो."

"मग शुक्रवारी संध्याकाळी मी फोन उचलणार नाही," प्रॉथरो म्हणाला. आवाज चढवला नाही, हसला नाही. परतीच्या गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं.

पिकर्सगिलने विनकडे पाहिलं, जणू कुणीतरी त्याच्या घरात चिखलाचे बूट घालून शिरलं होतं. "बरं. आमच्या संघाचं काय चुकतंय असं वाटतं तुम्हाला?"

"तुमचे तीन सामने तिकीट काढून पाहिले. काय चुकतंय ते दिसलं."

"सांगा की मग."

"आधी खेळाडूंना सांगेन. तुम्हाला आत्ता सांगितलं, तर संध्याकाळी पबमध्ये पोचेल."

विनला मोठ्याने हसायचं होतं. सहा वर्षांत पिकर्सगिलच्या तोंडावर कुणी 'नाही' म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. आठ मॅनेजर आले. आठही जण पहिल्या दिवशी वाघासारखे आले आणि पहिल्या शुक्रवारच्या फोनला शेपूट हलवायला लागले.

प्रॉथरो गेल्यावर पिकर्सगिल म्हणाला, "उद्धट आहे. आणि तो रेनकोट बघितलास? लोक काय म्हणतील? स्टॅनिफर्थला घेऊ. निदान फोटोत बरा दिसेल."

"तुला मॅनेजर हवाय की खिडकीत लावायला पडदा?"

"विन, मला माणसं ओळखता येतात."

"आठ ओळखलेस तू. आता मी एक ओळखते." ती अ‍ॅस्पिनलकडे वळली. "डॉक्टर, पेशंटचं ऐकून तुम्ही दात काढता का? तो म्हणाला डावीकडचा काढा, की डावीकडचा?"

"छे छे! कुठला काढायचा ते मीच..."

"मग संघही ज्याचा त्याने निवडावा. बरोबर?"

अ‍ॅस्पिनलने हात वर केला. नंतर तो हळूच म्हणाला, की प्रॉथरोचे दात मात्र फार वाईट आहेत.

पुढचे दोन महिने विनने गावात टेंभा मिरवला. मॅनेजर कसा असावा हे क्लेगब्रिजला तिने शिकवलं, असं तिचं म्हणणं, आणि बेकरीत येणाऱ्या प्रत्येकाला ते पावाबरोबर फुकट मिळे. प्रॉथरो ओरडत नसे. भाषणं करत नसे. संघातला सर्वांत महागडा खेळाडू, पुढे खेळणारा कीरन, सरावाला उशिरा आला, तेव्हा त्याला त्याने गेटवरूनच घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याशी असा बोलला, जणू काल काही घडलंच नव्हतं. कीरन पुन्हा उशिरा आला नाही. मागे खेळणाऱ्या एका थोराड खेळाडूला त्याने सांगितलं, की तू मनातून डाव्या बाजूला घाबरतोस. तो आधी चिडला, मग दुपारी एकटाच मैदानावर राहून डाव्या पायाने भिंतीवर चेंडू मारत बसला. पहिल्या सात सामन्यांत संघ चार जिंकला. शुक्रवारी संध्याकाळी पिकर्सगिल फोन लावत राही, आणि वाजूनवाजून तो बंद पडे.

"हा काय प्रकार आहे?" पिकर्सगिल दुकानात येऊन विनला म्हणाला. "मी चेअरमन आहे की कोण आहे?"

विनच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. त्या दिवशी तिने प्रॉथरोला मनुकांच्या केकचा एक मोठा डबा पाठवला. त्याने डबा धुऊन परत केला, 'आभार' एवढ्या एका शब्दासह. तिला तेही आवडलं. मोजकं बोलणारा माणूस, ती म्हणाली, हॅरॉल्डसारखा.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी डंकन दुकानात आला. सरावानंतर तो रोज येई, चहा पिई, मागच्या खोलीत पाय पसरून बसे. आज तो उभाच राहिला.

"आई, शनिवारी मी खेळत नाहीये."

"का? गुडघा?"

"गुडघा ठीक आहे. त्याने काढलं मला. वॅडिंग्टन खेळणार. कॅप्टनची पट्टी कीरनला."

वॅडिंग्टन म्हणजे राखीव गोलकीपर, दोरीवर वाळत घातलेल्या पँटसारखा लांब आणि सैल. विनने हातातला चिमटा खाली ठेवला. गिऱ्हाईक समोर उभं होतं, तिला दिसलंच नाही.

"कारण काय सांगितलं त्याने?"

"सांगितलं काहीतरी." डंकनने तिच्याकडे पाहिलं नाही. "तेरा वर्षं, आई. तेरा वर्षं मी त्या चिखलात लोळलोय."

ती अ‍ॅप्रन न काढताच निघाली. प्रॉथरोची खोली म्हणजे स्टँडच्या जिन्याखालचं एक खुराडं. तो बूट साफ करत बसला होता. तिला पाहून तो उठला, खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"माझ्या मुलाला का काढलंत?"

"मिसेस ओलरेनशॉ, बसा."

"मी विचारलं, का काढलंत?"

"ते मी त्याला सांगितलंय."

"मला सांगा."

"खेळाडूंबद्दल मी त्यांच्या आयांशी बोलत नाही."

"मी इथे आई म्हणून आलेली नाही. क्लबचा तिसरा हिस्सा माझा आहे."

"मग तर अजिबातच बोलणार नाही," प्रॉथरो म्हणाला. "मिस्टर पिकर्सगिलचाही तिसरा हिस्सा आहे. त्यांचा फोन मी उचलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच सगळ्यांना सांगता, असं ऐकतो."

विनला त्या माणसाला जवळचा बूट फेकून मारावासा वाटला. "ही नोकरी तुम्हाला मी दिली," ती म्हणाली.

"हो. त्यासाठी आभारी आहे."

त्याच्या चेहऱ्यावर उपहास नव्हता, ते जास्तच लागलं. ती बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते, आणि तो माणूस तिला पहिल्यांदा नीट दिसला: हेकट, घुमा, कोरड्या लाकडाचा. दोन महिने ज्याला ती मोजकं बोलणारा म्हणत होती, तो खरं म्हणजे माणूसघाणा होता. ठाम म्हणत होती, तो आडमुठा होता. रेनकोटसुद्धा तिला आता मुद्दाम घातल्यासारखा वाटला, साधेपणाची मिजास दाखवायला.

शनिवारी वॅडिंग्टनने तीन गोल खाल्ले. पहिला तर त्याच्या पायांमधून गेला. गोलमागच्या स्टँडमधून डंकनच्या नावाचं गाणं सुरू झालं, ते सामना संपेपर्यंत थांबलं नाही. डंकन बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. विन डायरेक्टरांच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, गाण्याला. पुढचा सामनाही हरले. त्यापुढचा बरोबरीत सुटला, त्यापुढचे दोन पुन्हा हरले. नोव्हेंबरात लोक प्रॉथरोला बघून हुर्यो करायला लागले. चिप्सचे कागद त्याच्या बाकापर्यंत उडत येऊ लागले. तो तसाच उभा राही, हात खिशात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वॅडिंग्टन.

बेकरीतलं बोलणं बदललं. "वेल्सचा ना शेवटी," विन म्हणे. "यांना गाणं सोडून काही सांगू नये." पोस्टमनने एकदा आठवण करून दिली, की निवड तिचीच होती. त्याला त्या दिवशी सॉसेज रोल थंड मिळाला.

मग एके सकाळी पिकर्सगिल आला. चेहरा तोच, वर्तमानपत्रातला. दुकान रिकामं व्हायची वाट बघत तो पावांच्या फळीजवळ रेंगाळला.

"विन, मला फार वाईट वाटतं. डंकनवर अन्याय झालाय. मी पहिल्यापासून म्हणत होतो."

"तू पहिल्यापासून रेनकोटबद्दल म्हणत होतास."

"जाऊ दे ते. मंगळवारी बैठक बोलावतोय. स्टॅनिफर्थ अजून मोकळा आहे. मी बोललोय त्याच्याशी. पहिल्याच शनिवारी डंकन गोलमध्ये, पट्टी त्याच्या दंडावर, हे मी लिहून घेईन. अ‍ॅस्पिनलला विचारलं, तो म्हणतो विन म्हणेल तसं. म्हणजे तू नुसता हात वर करायचा."

गेल्या सहा आठवड्यांत विनला दुसरं काही नको होतं. पण पिकर्सगिलच्या चेहऱ्यावर त्या दुःखाच्या मुखवट्याखालून एक तृप्ती पाझरत होती, चोरून मलई खाल्लेल्या माणसाची, आणि ती बघून तिने हो म्हणायच्या ऐवजी पावांची फळी पुसायला घेतली.

रविवारी डंकन जेवायला आला. नेहमीप्रमाणे भाजलेलं मांस, बटाटे, यॉर्कशर पुडिंग, ग्रेव्ही. बैठकीची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"उद्या परवा त्याला घालवणार म्हणे," तो म्हणाला. "वेळेवर अक्कल आली म्हणायची."

"डंकन, त्याने तुला काय कारण सांगितलं?"

"सोड ना."

"मला तो सांगत नाही. तू सांग."

डंकनने बराच वेळ बटाटा कापला. "लाइट लागल्यावर बाजूने उंच चेंडू येतो ना," तो शेवटी म्हणाला, "तो मला उशिरा दिसतो. मागच्या हिवाळ्यापासून. एकाचे दोन होतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. ते आता असंच राहणार म्हणाले."

विनच्या डोळ्यांपुढे मागच्या हिवाळ्यातले गोल एकामागून एक आले. प्रत्येक वेळी तिने बचाव करणाऱ्यांना शिव्या घातल्या होत्या. चेंडू डंकनच्या हातावरून जाई, आणि ती शेजारच्याला सांगे की मागचे दोघे झोपलेत. शेजारचे मान डोलवत. क्लबच्या मालकिणीसमोर दुसरं काय करतील? आठवा मॅनेजरही मान डोलवत होता. त्याला सगळं दिसलं असणार, आणि मुलगा कोणाचा तेही माहीत होतं.

"प्रॉथरोला कसं कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात विचारलं त्याने. एकट्याला बोलावून. मी म्हटलं, डोळे ठणठणीत आहेत. तो म्हणाला, बरं. दोन महिने वाट बघितली. दिवस लहान झाले, लाइट लागायला लागले, तेव्हा परत विचारलं. मी परत खोटं बोललो." डंकनने काटा ताटात टाकला. "तो म्हणाला, कारण मी कुणाला सांगणार नाही, ते तुझं तू सांग. नाहीच सांगितलंस तर लोक मला शिव्या देतील, चालेल."

"आणि तू त्यांना देऊ दिल्यास."

"मग काय करू? आंधळा झालोय म्हणून सांगू? पस्तिसाव्या वर्षी? मला दुसरं येतं काय, आई?" त्याचा आवाज फाटला. "मंगळवारी हात वर कर. एवढंच कर माझ्यासाठी. मला ही एक सीझन पुरी करू दे. लोक गातायत माझ्यासाठी."

"आणि चेंडू?"

"एखादा जाईल. वॅडिंग्टनचे जात नाहीत का?"

त्याने पुडिंग खाल्लं नाही. दाराशी कोट घालताना तो म्हणाला, "तू माझी आई आहेस. त्याची नाहीस." विनने ताटं उचलली, धुतली, पुसली, आणि मग लक्षात आलं की तीच ताटं ती दुसऱ्यांदा धुतेय.

मंगळवारी त्याच मलमाच्या वासाच्या खोलीत पिकर्सगिलने घसा साफ केला. "जड अंतःकरणाने," त्याने सुरुवात केली.

"पुरे," विन म्हणाली. "मी हात वर करणार नाही."

अ‍ॅस्पिनलने अर्धा वर आलेला हात केस सारखे करायला वापरला.

"काय?" पिकर्सगिल म्हणाला. "विन, त्याने डंकनला..."

"त्याने डंकनला काढलं. मला तो माणूस नजरेसमोर नकोय. त्याच्याशी मी या जन्मात बोलणार नाही. पण मागचा अख्खा हिवाळा डंकन गोल खात होता, आणि माझा मुलगा आहे म्हणून आठव्याचीही जीभ उचलली नाही. तू सांगितलंस का मला? डॉक्टर, तुम्ही? तुम्ही तर गोलच्या मागेच बसता."

अ‍ॅस्पिनल टेबलावरच्या बशीकडे बघत राहिला. "दिसत होतं," तो पुटपुटला. "पण तुम्ही एवढ्या... म्हणजे, कसं बोलणार?"

"तेच. त्याला बोलता आलं."

"पण आपण हरतोय!" पिकर्सगिल ओरडला.

"तुझ्या निवडीचे आठ जण होते तेव्हा काय कप जिंकत होतो? बस खाली. आणि त्या स्टॅनिफर्थला सांग, गाडी अर्धी का होईना, दुसऱ्या कुणाच्या आवारात लाव."

प्रॉथरो राहिला. नाताळपर्यंत संघ रखडत होता. जानेवारीत वॅडिंग्टन एकाएकी गोलकीपर दिसू लागला. सैल होता तो घट्ट झाला, उंच चेंडू झाडावरून फळ काढावं तसे काढू लागला. सीझन संपली तेव्हा क्लेगब्रिज मधोमध कुठेतरी होतं, ना वर ना खाली. पिकर्सगिलने वर्तमानपत्राला मुलाखत दिली, की आपण सुरुवातीपासून या मॅनेजरच्या पाठीशी खडकासारखे उभे राहिलो. फोटोत त्याने नवीन टाय घातला होता. शेजारी प्रॉथरो, रेनकोटात, असा उभा होता की त्याला कुणी तिथे चुकून आणून सोडलंय.

विनने शब्द पाळला. जिन्यात प्रॉथरो दिसला की तो टोपी काढे, ती भिंतीकडे बघत निघून जाई. केकचा डबा पुन्हा गेला नाही. तो योग्य माणूस होता, हे ती कुणी विचारलं तर मान्य करी, पण अशा सुरात, की विचारणाऱ्याला विचारल्याचा पश्चात्ताप व्हावा.

डंकन सहा महिने रविवारी आला नाही. नाताळला त्याने बायकोच्या हाती भेट पाठवली, मोजे. क्लब त्याने सोडला आणि पुढच्या हंगामात टेकडीपलीकडच्या एका खेड्याच्या संघात गेला. तिथे सामने भर दुपारी होत, कारण लाइट लावायला खांबच नव्हते. त्याने तिला ये म्हटलं नव्हतं. ती आपणहून बस पकडून गेली, छत्री घेऊन कुंपणाशी उभी राहिली. पन्नासेक माणसं असतील. डंकनचं पोट थोडं सुटलं होतं. मागच्यांवर तो ओरडत होता, आणि उजेडात त्याचे हात पूर्वीसारखेच चालत होते.

दुसऱ्या हाफमध्ये ढग भरून आले. बाजूने एक उंच चेंडू आला. डंकन निघाला, पण अर्धा क्षण उशिरा, आणि चेंडू त्याच्या बोटांना लागून आत गेला.

"हा गोलकीपर संपलाय," विनच्या शेजारचा टोपीवाला म्हातारा कुणाला तरी म्हणाला. "बाहेर यायला वेळ लावतो."

विनने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही मॅनेजर आहात का इथले?"

"नाही बुवा."

"मग गप्प बसा," ती म्हणाली, आणि छत्री सावरून पुन्हा मैदानाकडे वळली. डंकन जाळ्यातून चेंडू काढत होता. त्याने कुंपणाकडे पाहिलं, ती आहे हे त्याला दिसलं, आणि त्याने चेंडू लांबवर, मैदानाच्या मध्यापर्यंत लाथाडला.